तपासनिसाला घ्रीबा चालत नाही

सोमवार, १३ एप्रिल

नईमा, हे वाचायला बसशील तेव्हा चष्म्यासाठी घर उलटंपालटं करू नकोस, तो तुझ्या कपाळावर असेल. फेब्रुवारीत स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेलीस ती माझ्या कपाटाची किल्ली घेऊन आणि वाटेत खायचा डबा खिडकीत विसरून. डबा आम्ही खाल्ला. किल्ली अजून तुझ्याकडे आहे आणि माझा चांगला पायघोळ जेलाबा कपाटात. जाताना म्हणालीस, आई, रोजचं काय ते लिहून ठेव, फोनवरचं माझ्या ध्यानात राहत नाही, जूनमध्ये आले की बसून वाचेन. लिहून ठेव म्हणालीस. तुझ्या आईने उभ्या जन्मात एक अक्षर गिरवलेलं नाही, हेही विसरलीस.

म्हणून हात तुझ्या लेकीचा आणि जीभ माझी. इख्लासला बजावलंय, हाताने मधे बोलायचं नाही. आत्ताच बोलला. म्हणाला, जेलाब्याचं सारखं सारखं नको. लिही गं, जेलाबा कपाटात आहे.

तर बातमी. इख्लासचा तो कॉम्प्युटरचा वर्ग, ज्याचं नाव तू दर फोनला नव्याने विचारतेस, त्याचा शेवटचा गृहपाठ आला. उस्तादा विसाल शिकवते रबातमध्ये आणि ही शिकते इथे सफ्रूत, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या मटारांच्या शेजारी बसून. हा गृहपाठ पास झाला तर रबातच्या शाळेत वर्षभराची जागा, राहण्यासकट. नाही झाला तर सप्टेंबरपासून फेझला तुझ्या भावाच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकायची. इद्रिसला इतकी खात्री आहे की त्याने तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय. स्टुलावर गादी आहे म्हणे.

रबात काही फार दूर नाही असं सगळे सांगतात. मी कुठे दूर म्हणते?

बुधवार, १५ एप्रिल

गृहपाठ म्हणजे काय ते मी समजून घेतलं. एक लिखाण करायचं. त्याला आकडे घातले की ते गिळतं आणि क्रमाने लावून परत ओकतं. आपलं मांजर हे न शिकवता करतं, क्रम तेवढा लावत नाही.

लिखाण कठीण नाही म्हणते, कठीण आहे ते पाठवणं. मला हसू आलं. पाठवण्यात काय कठीण? आपण कणीक तिंबतो, पाव थापतो, आपल्या घरची खूण टोचतो आणि फळीवर कापड घालून गल्लीच्या भट्टीवर पाठवतो. बा अल्लाल भाजतो, खूण बघतो, ज्याचा पाव त्याच्या घरी. इख्लास म्हणाली, तसंच आहे जद्दा, फक्त इथे बा अल्लालच्या जागी तपासनीस आहे. फाईलचं नाव ठरवून दिलेलंच हवं, एका पिशवीत बांधून पाठवायची, आणि तीनदाच पाठवता येते. मग दार बंद.

मी विचारलं, हा तपासनीस कोण. म्हणाली, माणूस नाही, यंत्र आहे. मी विचारलं, कुठल्या गावचं? त्यावर तिने कपाळाला हात लावला. लावू दे. मला तो स्पष्ट दिसतो: बारीक मिशी, इस्त्रीचा शर्ट, आणि घरी जेवायला वाट बघणारं कोणी नाही. माणूस इतकी खुसपटं काढतो तो उपाशीपोटीच.

दुपारी तिचं लिखाण झालं. तिने आकडे घालून घालून पाहिले, दर वेळी बरोबर ओकले. ती पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात मी विचारलं, पहिल्या ओळीत काय लिहिलंयस? तिने वाचून दाखवलं. त्यात देवाचं नाव नव्हतं. या घरात मी मिठाची बरणीसुद्धा बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय उघडत नाही, आणि ही वर्षाचं भवितव्य तसंच धाडायला निघालेली. मी नुसती तिच्या मागे उभी राहिले. तिने घाईघाईने अगदी वर ते लिहिलं आणि बटण दाबलं.

डोळा मिटून उघडेपर्यंत उत्तर आलं. पहिली ओळ समजत नाही, पुढचं वाचणार नाही.

मी म्हटलं, ही ओळ समजत नाही असा माणूस यांनी कुठून शोधून आणला? इख्लास टेबलावर डोकं ठेवून बसली. मग म्हणाली, चूक माझीच. त्या ओळीच्या पुढे जाळीसारखी एक खूण काढायची असते. मग तपासनीस ती ओळ सोडून पुढे जातो. मला ते बरं वाटेना, देवाचं नाव जाळीमागे. ती म्हणाली, "जद्दा, पडदा समज. तपासनिसाला पडद्याआडचं दिसत नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसतं."

पोरगी तुझी आहे, पण अक्कल तिला माझी आली आहे. हे नीट लिही, खाडाखोड नको.

शनिवार, १८ एप्रिल

दुसऱ्यांदा पाठवलं. सांगते.

उस्तादाने गृहपाठासोबत एक पिशवी पाठवली होती, आणि त्यात सुरुवातीच्या दोन ओळींची फाईल. इख्लासने त्याच फाईलमध्ये पुढचं लिहिलं आणि त्याच पिशवीत घालून परत पाठवायला निघाली. मी विचारलं, आणि सोबत? म्हणाली, सोबत काय, एवढंच. आता तूच सांग. शेजारणीने वाटीभर ऑलिव्ह पाठवले तर ती वाटी आपण धुऊन नुसती परत करतो का? साखरेचे चार खडे का होईना, टाकतोच. माझी आई टाकायची, मी टाकते, तू विसरतेस पण टाकतेस. तिचीच पिशवी, तिचीच फाईल, तिला परत. यात आपल्या घरचं काय?

इख्लास म्हणाली, जद्दा, कॉम्प्युटरमधून तुझी घ्रीबा बिस्किटं जात नाहीत. मी म्हटलं, फोटो जातो ना. तू मला तुझ्या स्ट्रॉबेरींचे पाठवतेस, एकही चाखायला मिळत नाही, पण पाठवतेस.

मी बदामाच्या घ्रीबा केल्याच होत्या, वरून तडकलेल्या, पिठीसाखरेत लोळवलेल्या. निळ्या ताटलीत मांडल्या. इख्लासने फोटो काढला. तिला वाटलं, तपासनीस आपली फाईल तेवढी उचलेल आणि फोटोकडे बघणार नाही. फाईल आणि फोटो एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिने फाईल एका छोट्या डब्यात घातली, तो डबा आणि फोटो मोठ्या डब्यात, आणि मोठा डबा पिशवीत.

उत्तर: डब्यात डबा आहे, फाईल सापडत नाही. शिवाय एक अनोळखी वस्तू आढळली.

अनोळखी वस्तू म्हणजे माझी घ्रीबा. नईमा, या घ्रीबांवर सफ्रूत लग्नं जमली आहेत. तुझं जमलं. तुझ्या सासऱ्याने चार खाल्ल्या आणि मगच हो म्हणाला, तोवर तो कंदिलाकडे बघत बसला होता. आणि हा मिशीवाला म्हणतो अनोळखी.

मी म्हटलं तेच खरं, त्याला घरी कोणी जेवायला घालत नाही.

आता एकदाच पाठवता येईल. इख्लास म्हणते, घाई करायची नाही, सगळं पिशवीतून बाहेर काढून एकेक तपासून पुन्हा भरणार. मी म्हटलं, भर बाई. मी तुझ्या मागे उभी राहणार नाही.

मंगळवार, २१ एप्रिल

आजचा दिवस चांगला गेला. सकाळी पुदिना ताजा मिळाला. दुपारी वारा सुटला आणि इख्लास गच्चीवर धावली, कपडे काढायला. आत्ताच खाली आली, हातात चादरींचा ढीग. मी म्हटलं, चादरी राहू देत, आधी लिहायला बस, मला एक चांगली गोष्ट सांगायची आहे.

तर ती वर गेली तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. पडद्यावर हिरवं बटण. ते मी ओळखते, दोनदा पाहिलंय. गृहपाठ आज दुपार कलताना होणाऱ्या अस्रच्या अजानआधी जायला हवा असं तीच सकाळपासून घोकत होती. आणि ही वर चादरींशी झुंजतेय. कणीक फुगून वर आली आणि पाठवणारी जागेवर नसली तर कोणी फळी अडवून ठेवत नाही. घरात जो असेल तो पाठवतो, नाहीतर कणीक आंबते. मी हात धुतले, पुसले, बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. काम झालं.

का थांबलीस? दाबलं असं लिही.

शुक्रवार, २४ एप्रिल

हात रुसला होता म्हणून मधले दिवस कोरे. आज बसलाय, पण अक्षर रागात आहे असं मला नुसतं बघूनही कळतं. पेन कागदाला टोचतंय.

त्या वेळी पिशवीत काहीच नव्हतं. सगळं बाहेर काढून ठेवलेलं आणि पुन्हा भरायचं बाकी होतं. मी दाबलं आणि रिकामी पिशवी गेली. नईमा, या घरातून, तुझ्या आईच्या हातून, रिकामं भांडं गेलं. माझी आई आज असती तर शेजारपाजाऱ्यांकडे तोंड लपवून फिरली असती.

इख्लास ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि संध्याकाळपर्यंत दोघी जेवायला बसलो असतो. तिने पेन खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "जद्दा, मुद्दाम दाबलंस का?"

मी म्हटलं, "मुद्दाम दाबायला मला वाचता यायला नको?"

"हिरवं बटण ओळखायला वाचावं लागत नाही."

यावर मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, पोरीसाठी काहीतरी करावं. तिचा लॅपटॉप बघितलास का कधी? बोटांचे डाग, बडीशेपेचे दाणे, एका कोपऱ्यात जॅम. मी चांगलं कोमट पाणी आणि साबण घेऊन स्पंजने घासून काढला, वरून, खालून, आणि बटणांच्या फटीतूनही. उन्हात उभा करून वाळवला. इतका स्वच्छ तो दुकानातही नव्हता. तेव्हापासून तो उघडत नाही.

इख्लासने या खेपेला मुद्दाम का असं विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तरी काय करू, घाण मला बघवत नाही.

लिखाण तपासनिसाकडे दुसऱ्या पाठवणीचं आहे, ते बुडालं नाही, एवढं बरं. पण दार बंद. इद्रिसचा फोन आला होता, स्टुलाची गादी लाल हवी की हिरवी. इख्लास म्हणाली, हिरवी नको.

तिने फोनवरून उस्तादाला लिहिलं आहे. काय लिहिलंस म्हटलं तर म्हणते, जे झालं ते. मी विचारलं, माझं नाव घातलंस का? म्हणाली, नाही, घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून अनवधानाने, असं लिहिलं. ऐकायला छान वाटलं. कोणातरी मंत्र्याबद्दल असावं तसं.

रविवार, २६ एप्रिल

उस्तादाचं उत्तर आलं. इख्लासने मोठ्याने वाचलं, मग हळू वाचलं, मग मला कळेल असं सांगितलं.

तपासनिसाने नाकारलेले गृहपाठ उस्तादा स्वतः एकदा हाताने उघडून बघते, तो तिथला नियमच आहे. इख्लासचा उघडला, डब्यातला डबा काढला, तर लिखाण बरोबर निघालं. ज्यांचं लिखाण बरोबर आणि बांधणी तेवढी चुकली, त्या सगळ्यांसाठी दार पुन्हा एकदा उघडणार आहे. शुक्रवारी अस्रपर्यंत. एकदाच. एकच फाईल, नाव जसं दिलंय तसं, डब्यात डबा नाही. आणि शेवटी एक ओळ: याचा गृहपाठाशी काही संबंध नाही, पण फोटोतल्या घ्रीबांना वरून अशा भेगा कशा पडल्या?

काय समजायचं ते मी समजले. ही तपासनिसाची बायको आहे. त्याने हाकललं, तिने फोटो बघितला आणि नवऱ्याला गप्प बसवून दार उघडायला लावलं. इख्लास म्हणते, जद्दा, ती त्याची बायको नाही, यंत्राला बायको नसते, आणि दार सगळ्यांसाठी उघडलंय. मी म्हटलं, बरं. भेगांचं काय कळवू म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, कळव की निकालानंतर सांगेन. तिने तसं कळवलं नाही असा मला संशय आहे.

आता अडचण कॉम्प्युटरची. गल्लीत दुसरा एकच आहे, समोर हाजा रहमाकडे, तिच्या नातवाने जाताना मागे ठेवलेला. तिने त्यावर विणलेलं झाकण घातलंय आणि वर फुलदाणी ठेवली आहे.

रहमाशी मी हिवाळ्यापासून बोलत नाही, हे तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. भट्टीवर आमच्या फळ्या शेजारी होत्या आणि माझा सगळ्यांत फुगलेला पाव तिच्या घरी गेला. आपली खूण चार टोचण्या, तिची तीन. ती म्हणते, त्या पावावर तीनच होत्या. आणि तेव्हापासून ती मशिदीतल्या बायकांच्या वर्गात अक्षर शिकायला जाते आणि रस्त्याने दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालते, जणू काही बाकीच्यांसाठी सरकारने तिला नेमलंय.

इख्लास म्हणाली, मी एकटी जाते. मी म्हटलं, बस. आणि निळी ताटली काढली.

रहमाने दार उघडलं ते अर्धंच. म्हणाली, "या, लल्ला बतूल. वाट चुकलात वाटतं."

मी म्हटलं, "तुमचंच दार शोधत होते. पाटी नव्हती, म्हणून वेळ लागला."

तिने ताटलीकडे बघितलं. मी इख्लासकडे बघितलं. पोरीने सगळं सांगून टाकलं, पिशवी, डबा, बटण, साबण. साबणापाशी आल्यावर रहमाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने फुलदाणी उचलली. पावाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. मात्र निघताना म्हणाली, शुक्रवारी कुसकुस इथेच खा, आणि तुमच्या हातांची व्यवस्था मी बघते.

शुक्रवार, १ मे

हे घरी आल्यावर लिहून घेते आहे. इख्लास लिहितेय आणि गुणगुणतेय.

रहमाने केलेली व्यवस्था अशी: मी बसल्याबरोबर कुसकुसाची मोठी परात माझ्या मांडीवर ठेवली, गरम, आणि म्हणाली, दोन्ही हातांनी धर, सोडलीस तर गालिचा खराब होईल. मी तशी धरून बसले. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा मला तू म्हटलं होतं, म्हणून ऐकून घेतलं.

इख्लासने दुसऱ्या पाठवणीतून लिखाण परत उतरवून घेतलं. रहमा तिच्या शेजारी बसून उस्तादाच्या अटी वाचू लागली, एकेक अक्षर चघळत. मला वाटलं अस्र इथेच होणार. पण पोरीला घाई नव्हती. अट वाचली की ती मला विचारायची आणि मी परातीमागून सांगायची.

फळी एकच? एकच. खूण जशी सांगितली तशी? तशी. फळीवर दुसऱ्या कोणाचं काही? काही नाही. कापडाखाली कापड? नाही. घ्रीबा? मी जरा थांबले. नाही, घ्रीबा नाही. पहिली ओळ? पडद्याआड.

मग सगळं तयार झालं. हिरवं बटण आलं. रहमाकडचा पडदा मोठा आहे, बटणही मोठं दिसतं. इख्लासने हात मागे घेतला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाली, "जद्दा, तू दाब."

मी म्हटलं, तुझा गृहपाठ आहे. म्हणाली, हो, पण तू दाब. मी म्हटलं, माझ्या मांडीवर परात आहे. रहमाने परात उचलली. मी म्हटलं, "माझ्या बोटाला लोणी लागलंय."

रहमा म्हणाली, "बोट ना? जीभ असती तर अवघड होतं. बोट पुसता येतं." आणि तिने आपल्या एप्रनच्या टोकाने माझं बोट पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, सावकाश.

रबात म्हणजे फेझच्या पुढे मेक्नेस, आणि मेक्नेसच्या पुढे. मी कधी गेलेले नाही. खिडकीतून बा अल्लालच्या भट्टीचा धूर येत होता. पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि नईमा, ती अगदी तुझ्यासारखी दिसत होती, तू फेब्रुवारीत बसच्या पायरीवर उभी होतीस तशी. मी तेव्हा तुला किल्लीची आठवण करणार होते. केली नाही. बस सुटली असती.

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि दाबलं.

तपासनिसाने आधी काही म्हटलं नाही. मग एक हिरवी खूण आली, छोटीशी. इख्लासने रहमाला मिठी मारली, मग मला, मग फुलदाणी पडली. फुटली नाही. कुसकुस थंड झालं होतं, तरी चांगलं होतं. मीठ कमी होतं. हे लिही.

सोमवार, ४ मे

काही नाही. हिरवी खूण म्हणजे पोचलं एवढंच. निकाल वेगळा. रहमाने आपल्या भट्टीच्या फळीवर स्वतःच्या पावाशेजारी आमचाही ठेवून नेला. परत आला तेव्हा मी टोचण्या मोजल्या. बरोबर होत्या.

मंगळवार, १२ मे

आज हात रहमाचा आहे. इख्लास फेझला गेली आहे, इद्रिसला तोंडावर सांगायला की स्टूल परत कर. जागा मिळाली, नईमा. सप्टेंबरपासून रबात. निकालाच्या खाली उस्तादाने पुन्हा भेगांबद्दल विचारलंय. मी सांगितलं, गोळा करताना हाताने दाबायचा नाही, मधे बोटाने हलकासा खळगा करायचा आणि भट्टी आधीच तापलेली हवी. नवऱ्यालाही खाऊ घाल म्हणावं, स्वभाव सुधारेल.

रहमा सावकाश लिहिते. मी एक वाक्य बोलते आणि ती इतका वेळ खरडते की त्यात चार वाक्यं बसतील. अक्षर मोठं असेल.

(हे मी, रहमा, माझ्या मनाने घालते आहे. पाव माझा होता. तीन टोचण्या होत्या.)

मी म्हटलं, सप्टेंबरनंतर माझं लिहायचं कोणी? रहमा म्हणते, मी आहे ना. तशी तिच्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही, जे सांगते तेवढंच लिहिते, इख्लाससारखी मधे बोलत नाही.

(पोरगी सकाळी गेल्यापासून दोनदा हिने टेबलावर तिसरा पेला मांडला. डोळे पुसले तेव्हा म्हणाली कांदा आहे. घरात कांदा नाही, मी मागायलाच आले होते.)

आता तुझ्या पार्सलचं. मागच्या वेळी तू डब्यात डबा, त्यात मोजे, मोज्यांत चॉकलेट घातलंस आणि वर नाव घालायला विसरलीस. ते कोणा अब्देलालीकडे गेलं आणि त्याने मोजे तेवढे परत केले. या खेपेला ऐक. जूनमध्ये येऊन सप्टेंबरात पुन्हा तोडणीला गेलीस की व्हॅनवाल्याकडे दोन डबे द्यायचे, एक सफ्रूला, एक रबातला. डब्यात डबा नाही. अनोळखी वस्तू नाही. वर नाव जसं सांगते तसं: माझ्यावर बतूल, तिच्यावर इख्लास, आणि अक्षर ठळक. रबातच्या डब्यात ती गोल बिस्किटं, तेलातला मासा आणि बदाम घाल, बदाम जास्त, उस्तादालाही लागतील. माझ्या डब्यात काही घाल, मला काही नको, पण रिकामा पाठवू नकोस. आणि जूनमध्ये आणायची विसरशील ती किल्ली घाल.

(तिच्या डब्यात कडक बिस्किटं घालू नकोस. खालचा दात हलतोय, कोणाला सांगत नाही, पाव चहात बुडवून खाते. मऊ अंजीर पाठव, मोठे, आणि थोडे जास्त पाठव, आम्ही दोघी खाऊ.)